दादाचा एक तास

"तुमच्या दादाचा हात मोटरीत सापडला. त्याले जळगावले नेऊन राह्यलो. तुमी तिकडे खामगावचा दवाखाना पाहून ठेवा."

एवढं बोलून आमच्या शेजारच्या शेतवाल्याने फोन ठेवला. मी दाढी करत होतो. एका गालावर साबण तसाच होता. तो पुसायचंही मला सुचलं नाही. बायकोने हातात टॉवेल दिला तेव्हा मी तिला विचारलं, "कोणता हात, ते सांगितलंच नाही ना त्याने?" जणू तिनेच फोन घेतला होता.

तो फोन किती वाजता आला, ते मी पाहिलं नाही. अशा वेळी घड्याळ कोण पाहतं? पण पुढचे पंचवीस दिवस माझ्या सख्ख्या थोरल्या भावाने जे भोगलं, ते सगळं त्या न पाहण्यातून निघालं. त्यातले शेवटचे तेवीस दिवस तर मला सगळं माहीत होतं. मी गप्प बसलो. हे लिहायला बसलो आहे ते त्यासाठीच.

आमचं शेत जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याकडे. संत्र्याची बाग आणि बागेच्या टोकाला शेततळं. तळ्याच्या काठावर सिमेंटचा ओटा, त्यावर मोटर आणि पंप. शेत दादा आणि वहिनी करतात. मी खामगावला एका शाळेत लिपिक आहे. दाखले, जन्मतारखा, हजेरीपट हे माझं काम. तारखेच्या बाबतीत माझी चूक काढणारा अजून भेटायचा आहे, असं मी शिक्षकांच्या खोलीत दोनदा तरी म्हणालो असेन.

गेल्या डिसेंबरात मोटरीला मोबाईलवर चालणारा स्टार्टर बसवला. आम्ही त्याला डबाच म्हणतो. आमच्याकडे शेतीची लाईन, म्हणजे वीज, काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीत दादाला अंधारात बागेत जावं लागायचं, ते डब्यामुळे थांबलं. तेवढं चांगलं झालं. पण दिवसाच्या पाळीत दादा शेतातच असायचा, बटण त्यालाही दाबता आलं असतं. खरं कारण वेगळंच होतं. मला खामगावात खुर्चीवर बसून शेत चालवायचं होतं. शाळेत चहा पिताना फोन काढून "ही पाहा, मोटर चालू झाली" म्हणायचं होतं.

डब्याचं खातं मुलीने उघडून दिलं. ती शिकागोला नोकरी करते. माझ्याच्याने ते होईना, म्हणून तिने तिच्या लॅपटॉपवर, तिच्याच खात्यात सगळं बसवलं आणि तेच खातं माझ्या फोनवर जोडलं. तिने तिकडे काही बदललं की इकडे दिसायचं, मी इकडे बदललं की तिकडे. फक्त एक भानगड होती. खातं तिच्या गावचं, म्हणून त्यातल्या वेळाही तिच्या गावच्या. मोटर आपल्या सकाळी साडेआठला सुरू करायची असेल तर यादीत रात्रीचे नऊ टाकावे लागायचे, आणि तेही आदल्या दिवशीच्या तारखेला. आपला सोमवार तिथे अजून रविवार असतो.

"बाबा, सेटिंगमध्ये जाऊन भारत निवडा ना," ती म्हणाली होती. एकदा निवडलं. तर आधी भरलेल्या साऱ्या वेळा साडेअकरा तासांनी सरकल्या आणि मोटर भलत्याच वेळी सुरू झाली. मी घाबरून पुन्हा शिकागो करून टाकलं. त्यापेक्षा डोक्यात हिशेब करणं सोपं वाटलं. साडेअकरा तास वजा करा, तारीख एक मागे घ्या. मी एका पुठ्ठ्यावर तक्ताच केला आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. मुलगी म्हणाली, "बाबा, हे बरोबर नाही." मी म्हणालो, "तुझ्या बापाने वीस हजार जन्मतारखा लिहिल्यात, पोरी." ती हसली आणि तिने विषय सोडला.

आता दुसरी गोष्ट सांगायची आहे, आणि ती मला जास्त जड जाते.

दादाची जुनी सवय होती. मोटरीला हात लावायचा तर आधी खांबावरच्या पेटीतले फ्यूज काढायचे आणि खिशात टाकायचे. त्याच्या सदऱ्याचा खिसा त्यामुळे नेहमी खाली ओघळलेला असायचा. पण फ्यूज काढले की डबा बंद पडायचा, आणि परत लावल्यावर रेंज पकडायला त्याला वेळ लागायचा. ठरलेली वेळ हुकली की त्या दिवशी मोटर सुरूच होत नसे. एकदा अशी दोन दिवस बाग कोरडी राहिली. मी गावी गेलो आणि वहिनीसमोर त्याला बोललो.

"दादा, तुला कितीदा सांगितलं, फ्यूज काढू नको. साडेआठ वाजेपर्यंत ती मोटर हलतसुद्धा नाही. मग भीती कशाची?"

"तसं नाई बे," तो म्हणाला, "हाताले सवय आहे."

"सवय सोड. डब्यावर भरोसा ठेव."

वहिनी हसून म्हणाली, "भाऊजी, तुमचा डबा यायच्या पैले बी झाडं जित्तीच होती." पण दादाने त्या दिवसापासून फ्यूज काढणं सोडलं. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा माणूस, मी शिकलेला म्हणून माझं ऐकायचा.

त्याचा रोजचा क्रम पक्का झाला. सातला शेतात जायचं, फिल्टर धुवायचा, कोणत्या ओळीला पाणी द्यायचं त्याप्रमाणे व्हॉल्व्ह फिरवायचे. साडेआठला मोटर आपोआप सुरू. त्याआधी मोटरीपाशी जे काही किडुकमिडुक असेल ते करून घ्यायचं.

मार्चमधला रविवार होता. सकाळी मुलीचा फोन आला. तिच्याकडे शनिवारची संध्याकाळ होती. बोलता बोलता म्हणाली, "बाबा, आज रात्री आमची घड्याळं एक तास पुढे जाणार. उद्यापासून माझ्या फोनची वेळ बदलेल, लक्षात ठेवा." उन्हाळ्यात तिकडे असं करतात, हे मी आधी ऐकलेलं होतं. डबा बसवल्यापासून मात्र ही पहिलीच वेळ होती.

मला गंमत वाटली. लगेच दादाला फोन लावला.

"दादा, अमेरिकेत आज एक तास चोरीला जाणार आहे म्हणे."

"काऊन? कोणं चोरला?"

"सरकारनेच. रात्री दोनचे एकदम तीन करतात."

"आन् मंग रोजदारीवाल्याइचं काय? तासभर कमी काम?" तो खो खो हसला. "आपल्या इथं कर म्हना असं. मजूर पैले सरकारले झोडपतीन."

आम्ही दोघं हसलो. माझ्या कपाटाच्या दारामागे साडेअकराचा तक्ता होता, फोनमध्ये दुसऱ्या दिवशी सकाळची मोटर लावलेली होती, आणि तोंडाने मी दादाला सांगत होतो की तिथलं घड्याळ सरकणार आहे. दोन गोष्टी एकमेकींना लागून ठेवलेल्या होत्या आणि मला त्या जोडता आल्या नाहीत. अजूनही मी कधीकधी जेवताना थांबतो आणि हा फोन आठवून सुन्न होतो.

सोमवारी दिवसाची पाळी सुरू होत होती. लाईन सातलाच आली. पंपाच्या दांड्यापाशी पाणी गळू नये म्हणून एक ग्रीसची दोरी घट्ट गुंडाळून बसवलेली असते, ग्लँडदोरी. ती झिजली होती, पाणी ठिबकत होतं. दादाने घड्याळात पाहिलं, सात वीस झाले होते. साडेआठला बराच अवकाश होता. तो ओट्यावर उकिडवा बसला, जुनी दोरी उपसली आणि नवी बोटाने आत दाबू लागला.

मोटर सुरू झाली.

शेजारचा शेतवाला ओरडणं ऐकून धावत आला. त्यानेच खांबावरच्या पेटीतून लाईन बंद केली, त्यानेच मला फोन केला. मधलं आणि त्याच्या शेजारचं, उजव्या हाताची दोन बोटं दुसऱ्या पेराच्या वर गेली होती. तर्जनी वाचली. जळगाव जामोदला पट्टी करून त्याला खामगावला आणलं. मी दवाखान्याच्या दारात उभा होतो. एका गालावर अजून दाढी होती, ते मला वहिनीच्या नजरेवरून कळलं.

दुपारी शुद्धीत आल्यावर त्याने पहिला प्रश्न मला विचारला.

"ते सुरू कशी झाली बे? सात वीसच तर झाले होते."

मी तोवर फोन पाहिला होता. डब्याचा संदेश होता: मोटर सुरू, रविवार, रात्री नऊ. म्हणजे आपले सोमवार, सकाळचे साडेआठ. अगदी ठरल्या वेळी. मला, खोटं कशाला बोलू, थोडं हायसं वाटलं. डब्याने दगा दिला नव्हता.

"दादा," मी फोन त्याच्यासमोर धरला, "हे बघ. मोटर साडेआठलाच सुरू झाली. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही."

"नाई," तो म्हणाला. "म्या घड्याय पाह्यलं."

"मशीन खोटं नाही बोलत, दादा."

वहिनी पलंगाच्या पायथ्याशी बसली होती. तिने दोनदा त्याच्या तोंडाकडे आणि एकदा माझ्या फोनकडे पाहिलं. मग दादाला म्हणाली, "तुमालेच ध्यान नसन राह्यलं." दादाने मान वळवली. मला वाटलं बोटं दुखत असतील.

बुधवारी मुलीने पडद्यावरून फोन केला. काका कसे आहेत विचारलं, रडली, मग म्हणाली, "पण झालं कसं?" मी सांगितलं. साडेआठची मोटर, काकाला वाटलं सात वीस. पडद्यावर तिचा चेहरा थांबलेला दिसला. मला वाटलं नेट गेलं.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही यादीत किती टाकले होते?"

"नऊ. नेहमीचेच."

"रविवारी आमचं घड्याळ पुढे गेलं ना. आमचे नऊ आता तुमचे साडेसात आहेत."

मी म्हणालो, "असं कसं? साडेअकरा तासांचा फरक आहे."

"होता. आता साडेदहाचा आहे." ती फार हळू बोलत होती. "तुम्हाला काकांचा फोन... म्हणजे त्या शेजाऱ्यांचा फोन किती वाजता आला होता? फोनमध्ये असेल. बघा ना."

मी पाहिलं. सोमवार, सकाळी ७.४१.

माझा विश्वास बसेना. मी तो आकडा बोटाने दाबला, जणू तो बदलेल. मग फाईल काढली. दादाचे सगळे कागद मीच नीट क्रमाने लावले होते. सर्वांत वर जळगाव जामोदचा केसपेपर होता, माझ्याच हाताने पंच करून लावलेला. आल्याची वेळ: ८.१०. मोटर साडेआठला सुरू झाली आणि माणूस आठ दहाला दवाखान्यात पोहोचला होता. दोन दिवस तो कागद माझ्या काखेत होता. वीस हजार जन्मतारखा लिहिणाऱ्या माणसाच्या काखेत.

"बाबा? बाबा, तुम्ही बोला काहीतरी."

मी बोललो. माझ्या तोंडून काय निघालं ते ऐकून मला आजही स्वतःची किळस येते. मी म्हणालो, "हे कोणाला सांगू नको."

ती म्हणाली, "पण काकांना?" मी म्हणालो, "त्याचा हात बरा होऊ दे. मी सांगतो." तिने फोन ठेवला. त्यानंतर ती रोज फोन करायची, आणि रोज शेवटी विचारायची, "सांगितलं?" मी म्हणायचो, आज वेळ मिळाला नाही.

मला वाटत होतं, बोटं तर गेलीच. सांगून ती परत येणार आहेत का? उलट दोन भावांत अंतर पडेल. मी स्वतःला असंच समजावत होतो. दादा मनाने मोठा आहे, तो चूक स्वतःवर घेऊन मोकळा होईल, असंही वाटायचं. त्याच्यावर नेमकी कोणती चूक चढली आहे, हे मी पाहिलंच नाही.

दुसऱ्या आठवड्यात गावी गेलो. दादा पडवीत बसला होता. हाताला पट्ट्यांचं पांढरं बोंडकं. शेजारी दोघं-तिघं भेटायला आलेले. एकजण म्हणाला, "त्या डब्याचंच काही बिघडलं असन." दादा लगेच म्हणाला, "डबा चांगला आहे. थ्यानं साडेआठलेच सुरू केली. मीच तासभर चुकलो."

"तासभर कसा चुकते माणूस?"

"चुकते," दादा म्हणाला. "बाबाचं नव्हतं का झालं?"

गावात आमचे वडील सगळ्यांना आठवत होते. शेवटची चार वर्षं ते भर दुपारी उठून सकाळचा चहा मागायचे, विहारात वंदना होऊन लोक घरी परतले की हे पांढरं धोतर नेसून निघायचे. दादानेच त्यांचं सगळं केलं. मी खामगावात होतो.

मंडळी गेल्यावर त्याने मला आत बोलावलं. मनगटी घड्याळ माझ्या हातात ठेवलं.

"हे जळगावच्या दुकानात दाखवलं. थो म्हणे, एकदम बरोबर आहे, सेकंदाचा फरक नाई." त्याने घड्याळाच्या काचेवर बोट ठेवलं. "घड्याय बरोबर, डबा बरोबर. मंग राह्यलं काय? माहं डोस्कंच ना?"

सांगायला मी तोंड उघडलं. वहिनी चहा घेऊन आली. मी चहा प्यालो.

निघताना वहिनी बसथांब्यापर्यंत आली. भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान घडी करून पदरात आणलं होतं. त्यावर फुल्या होत्या. "रोज संध्याकायी इचारते त्याइले, सकाळी काय खाल्लं, कोन आलतं. चुकले का फुली मारते." सहा फुल्या होत्या. "पैले नवते चुकत हो, भाऊजी. आता मी इचारलं का घाबरतेत, आन् घाबरले का चुकतेत. तुमच्या खामगावले डोस्क्याचा डॉक्टर आहे म्हनतेत. दाखवता का?"

मी हो म्हणालो. खरं तेव्हाच, तिथेच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "नंबर लावून ठेवतो."

दोन आठवड्यांनंतरच्या शुक्रवारचा नंबर मिळाला. दादा सकाळच्या बसने एकटाच आला. वहिनीने त्याच्या खिशात चिठ्ठी ठेवली होती, माझं नाव, पत्ता, फोन नंबर लिहिलेली. हरवला तर म्हणून. पन्नास वर्षं जो माणूस खामगावच्या बाजारात एकटा येत-जात होता, त्याच्या खिशात ती चिठ्ठी. त्याने ती मला दाखवली आणि हसायचा प्रयत्न केला. "शाळेतल्या पोरासारखं झालं बे माहं."

डॉक्टर तरुण होते, शांत बोलणारे. त्यांनी वार विचारला, महिना विचारला, तालुक्याचं नाव विचारलं. दादा खुर्चीच्या टोकावर बसून तोंडी परीक्षेसारखी उत्तरं देत होता. मग डॉक्टर म्हणाले, "शंभरातून सात वजा करा. जे येईल त्यातून पुन्हा सात. असं करत जा."

"त्र्याण्णव," दादा म्हणाला. "शहाऐंशी. एकोणऐंशी. बहात्तर. पासष्ट." डॉक्टर पुरे म्हणाले तरी तो थांबला नाही. भराभर खाली उतरत गेला. "...सोळा, नऊ, दोन. शेवटी दोन उरते साहेब. आनखी काही इचारा."

डॉक्टर हसले. "अहो, तुमचं डोकं माझ्यापेक्षा बरं चालतं. मग हा त्रास कशावरून वाटतो?"

दादाने हात पुढे केला. "याच्यावरून."

"त्या दिवशी काय झालं, आठवेल तसं सांगा."

"सातला शेतात गेलो. फिल्टर धुतलं." तो अडखळला. मग त्याचा आवाज बदलला, पाठ केल्यासारखा झाला. "मंग मी बोरीखाली बसलो. सावली होती. पाखरं पाहत होतो. डोया लागला असन. तासभर गेला. उठलो आन् घड्याय न पाहताच मोटरीपाशी गेलो."

"हे तुम्हाला आठवतं?"

"हो साहेब. आता आठवते. पैले नवतं आठवत. लय इचार केला, तवा आठवलं."

तो बोरीखाली बसलाच नव्हता. त्याने घड्याळ पाहिलं होतं आणि ते बरोबर पाहिलं होतं. जो तास कधी घडलाच नाही, तो त्याने रात्रंदिवस विचार करून तयार केला होता. त्यात सावली घातली होती, पाखरं घातली होती. का, तर माझ्या फोनवर नऊ लिहिलेलं होतं म्हणून. मला बोटं गेल्याचं ऐकूनही असा धक्का बसला नव्हता.

"दादा," मी म्हणालो. "तू नाही झोपलास."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"मोटर साडेसातला सुरू झाली. तू म्हणालास तेच खरं होतं. सात वीसच झाले होते." आणि मग मी सगळं सांगितलं. शिकागो, खातं, तक्ता, सरकलेलं घड्याळ. ज्यावर आपण दोघं हसलो होतो तोच तास, हेही सांगितलं. फोन काढून शेजाऱ्याच्या कॉलची वेळ दाखवली. फाईल माझ्याजवळच होती. केसपेपर काढून टेबलावर ठेवला.

दादाने केसपेपर डाव्या हाताने ओढून घेतला. आल्याची वेळ बोट ठेवून वाचली.

"आठ दहा," तो म्हणाला.

"हो."

"म्हंजे मी बरोबर होतो."

"हो, दादा."

मला वाटलं, आता तो मारेल. मारावं असं वाटत होतं. पण तो रडला. आणि रडता रडता हसला, तोंड उघडं टाकून. डॉक्टरांकडे पाहून म्हणाला, "साहेब, मी बरोबर होतो! सात वीसच झाले होते!" त्याचा तो आनंद मला पाहवेना. दोन बोटं गेलेला माणूस लॉटरी लागल्यासारखा हसत होता. मी त्याला किती खोल ढकललं होतं, ते मला तेव्हा दिसलं.

बाहेर आल्यावर बाकावर बसला. माझा फोन मागून घेतला आणि वहिनीला लावला. "आईक, मले काही झालं नाई. मी झोपलो नवतो... हो. बाबासारखं काहीच नाई." मग बराच वेळ नुसतं ऐकत होता. शेवटी फोन माझ्याकडे दिला.

"भाऊजी," वहिनी म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "तुमाले कधी समजलं?"

"बुधवारी. तिसऱ्या दिवशी."

"म्हंजे मी बसथांब्यावर फुल्या दाखवल्या तवा..."

"माहीत होतं."

पलीकडे भांडं आपटल्यासारखा आवाज झाला. मग तिने फोन ठेवला.

दादाने हे ऐकलं होतं. तोवर त्याने दिवस मोजले नसावेत. आता मोजले. ओठ हलताना मला दिसत होते.

"तेवीस दिवस," तो म्हणाला.

"दादा..."

"बोटाचं जाऊ दे. थे मशिनीनं घेतलं. म्याही फ्यूज नवते काढले."

"तेही मीच सांगितलं होतं, काढू नको म्हणून."

"मले मालूम आहे." त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "पन तेवीस दिवस मी रोज रातच्याले स्वतःले इचारलं, का उद्या सकायी मले माहं घर ओयखू येईन का नाई. तुले मालूम होतं, आन् तू माह्या घरी येऊन चहा पेला."

मी म्हणालो, "मी गावी येतो. पडवीत जे जे बसले होते त्या सगळ्यांना सांगतो, माझ्या तोंडाने."

आम्ही बसस्थानकापर्यंत चालत गेलो. त्याच्या खिशातून ती चिठ्ठी बाहेर आली होती. त्याने ती काढली, वाचली आणि माझ्याकडे दिली. मी ती फाडावी की ठेवावी ते न कळून मुठीत धरून राहिलो.

जळगाव जामोदची बस अर्धी रिकामी होती. तो चढला, खिडकीशी बसला. शेजारची जागा मोकळी होती, पण मी वाकताच त्याने पिशवी तिथे ठेवली. मी दोन बाकडी मागे बसलो. नांदुऱ्यापर्यंत त्याची पाठ पाहत होतो. पुढे एक म्हातारी चढली, त्याने पिशवी उचलून तिला जागा दिली. ती त्याच्या हाताकडे पाहून काही विचारत होती. तो तिला सांगत होता. मला शब्द ऐकू येत नव्हते. पण एकदा त्याने डावा हात उचलून मनगटावरचं घड्याळ तिला दाखवलं, आणि तिने मान डोलावली.

आमच्या फाट्यावर दोघं उतरलो. तिथून गाव अर्धा तास चालत. बस गेली, धुरळा बसला. तो रस्त्याच्या कडेला उभा होता. मी त्याच्यापासून चार पावलांवर थांबलो, कारण सोबत चालू की मागून येऊ, ते मला ठरवता येईना.

तो घराकडे तोंड करून म्हणाला, "चाल."